टीव्हीवरच्या बाहुलीत हात घालायचा असेल तर

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकच्या सिडकोत राहता, गंगापूर रोडवरच्या एका शाळेत छोट्या शिशूला शिकवता. वर्गात हातमोज्याच्या बाहुल्या वापरता आणि मुलं त्या बाहुल्यांचं तुमच्यापेक्षा जास्त ऐकतात. लहानपणी टीव्हीवर ‘गल्ली गल्ली सिम सिम’ हा बाहुल्यांचा कार्यक्रम पाहिला तेव्हापासून त्यातल्या चमकी या बाहुलीच्या आत कुणाचा हात असेल हा विचार डोक्यातून गेलेला नाही. आता पंचविशीत विचारताय, की नोकरी सोडून मुंबईला जावं का, हे शिकायचं कुठे, आणि यावर पोट भरतं का. घरी आईवडील म्हणतात, “बाहुल्या नाचवून कुणाचा संसार झालाय?”

मी पंचवटीतला. उमेदीची वर्षं मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी बाहुल्या बनवण्यात आणि चालवण्यात गेली. आता नाशिकमध्येच राहून शाळांसाठी खेळ करतो, शिक्षकांच्या कार्यशाळा घेतो आणि बोलावणं आलं की शूटिंगला जातो. उत्तर लांबणार आहे. ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असं एका ओळीत सांगून टाकलं तर तुमच्यावर अन्याय होईल.

तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या मुळाशी चौथा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. ज्या पात्राला तुम्ही जीव लावणार, ते पात्र कुणाचं असणार? या धंद्यात तुमचा चेहरा दिसत नाही. पुष्कळदा आवाजही तुमचा नसतो. उरतो तो हात. त्या हाताने उभं केलेलं पात्र तुमच्या मालकीचं आहे की वाहिनीच्या, यावर पुढची तीस वर्षं कशी जातील हे ठरतं. मुंबई की नाशिक हा प्रश्न त्यानंतरचा.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. अर्धवटराव शंभरीच्या पुढचे आहेत. य. के. पाध्ये यांनी ते पात्र घडवलं, रामदास पाध्ये यांनी ते टीव्हीवर आणि देशोदेशी नेलं, आता सत्यजित पाध्ये यांच्याकडे ते आलंय. हा शब्दभ्रम, म्हणजे बोलक्या बाहुल्यांचा खेळ. तुमची वाट थोडी वेगळी आहे, पण मुद्दा तोच. पात्र घरचं आहे. कार्यक्रम येतात, बंद होतात, वाहिन्या बदलतात, अर्धवटराव मात्र आपल्या पेटीतून उठतात आणि पुढच्या खेळाला जातात.

आता दुसरी बाजू पाहा. केर्मिट हा हिरवा बेडूक अमेरिकेतले बाहुलीकार जिम हेन्सन यांनी १९५५ साली आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून केला, डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून लावला. १९९० मध्ये हेन्सन गेले. केर्मिट स्टीव्ह व्हिटमायर यांच्या हाती आला आणि त्यांनी तो पंचवीसेक वर्षं चालवला. २००४ मध्ये हेन्सनच्या त्या पात्रांची मालकी डिस्नेकडे गेली. २०१६ साली कंपनीने व्हिटमायर यांना काढलं आणि पुढच्या वर्षीपासून मॅट व्होगेल केर्मिट चालवू लागले. मुलांना फारसा फरक जाणवला नसेल. पण पाव शतक ज्या हातात ते पात्र राहिलं, त्या माणसाचं काय झालं असेल याचा विचार करा. कायद्याने कंपनीचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पात्र तिच्या मालकीचंच होतं.

माझा अनुभवही याच जातीचा, फार लहान मापाचा. एका वाहिनीसाठी (नाव घेत नाही) मी एक बोका चालवायचो. कार्यक्रम बंद झाल्यावर तो बोका शाळांमध्ये न्यावा असं फार वाटत होतं, कारण मुलं रस्त्यात त्याची चौकशी करायची. वाहिनीने लेखी कळवलं, नेता येणार नाही. करारात तसं होतं आणि मी तो वाचूनच सही केली होती. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. बोका त्यांच्या गोदामात गेला. त्यानंतर मी स्वतःची पात्रं घडवली आणि आज माझं घर त्यांच्यावर चालतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की टीव्ही हे कामाचं एक ठिकाण आहे. आयुष्यभराचा धंदा म्हणून तुमच्या हाताशी दोन गोष्टी हव्यात. एक, बाहुलीला जिवंत ठेवणारा तयार हात. दोन, निदान एक स्वतःचं पात्र. या दोन्ही गोष्टी नाशिकमध्ये, नोकरी सांभाळून तयार करता येतात. त्या झाल्याशिवाय मुंबईला जाऊन खोलीचं भाडं भरत बसू नका.

आता हाताबद्दल. यावर जरा रेंगाळतो. बाहेरून सोपं दिसणारं काम खरं इथेच आहे.

वर्गात तुम्ही वापरता ती साधी हातमोज्याची बाहुली, एक बोट डोक्यात आणि दोन बोटं हातांत. टीव्हीवर बहुतेक वेळा लागते ती तोंड उघडणारी बाहुली. चार बोटं वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. बाहुलीचे हात एक तर सळईने चालवायचे (छत्रीची काडी किंवा सायकलचा आरा उत्तम), किंवा दुसरा माणूस बाहुलीच्या हातात आपला हात घालतो. दोघांनी मिळून एक पात्र चालवणं ही फार आनंदाची गोष्ट आहे, पण दोघांचा श्वास जुळावा लागतो.

बोलताना अंगठा खाली जायला हवा. नवशिका वरची बोटं उचलतो, मग प्रत्येक शब्दाला बाहुलीचं कपाळ उडतं आणि नजर छताकडे जाते. तोंड आवाजाबरोबर उघडायचं, आवाजावर मिटायचं नाही. ‘बाबा, मला भूक लागली’ हे वाक्य घ्या. ‘ब’ला आपले ओठ मिटलेले असतात, मग ‘बा’वर तोंड उघडतं. ‘लागली’ला मी दोनदाच उघडतो, ‘ला’ आणि ‘ली’. मधला ‘ग’ आपण बोलताना जवळजवळ गिळतोच. लिहिलेली अक्षरं मोजलीत तर बाहुली शब्द चावल्यासारखी दिसते. कानाला ऐकू येणारे उच्चार धरलेत तर ती मराठी बोलते. आई शब्दात ‘आ’ला जितकं उघडाल तितकं ‘ई’ला उघडू नका. रोज वर्तमानपत्रातली एक बातमी बाहुलीकडून वाचून घ्या. महिन्याभरात अंगठ्याला मराठी कळायला लागेल.

नजर त्याहून महत्त्वाची. हात डोक्यावर धरला की मनगट आपोआप मागे झुकतं आणि बाहुली आकाश बघते. मनगट कायम थोडं पुढे वाकवून ठेवावं लागतं, म्हणजे बाहुली समोरच्याच्या डोळ्यांत बघते. बाहुल्यांचे बुबुळ चिकटवताना आम्ही ते नाकाकडे किंचित ओढून लावतो. अगदी सरळ लावलं तर नजर शून्यात लागल्यासारखी वाटते.

त्यानंतर मॉनिटर. पूर्वी बाहुल्यांच्या खेळाला पडदा किंवा मंच लागायचा. हेन्सन यांनी ओळखलं, की टीव्हीची चौकट हाच मंच आहे. बाहुली चालवणारा चौकटीच्या खाली राहतो आणि समोर ठेवलेल्या मॉनिटरवर प्रेक्षकाला दिसतं तेच चित्र बघत काम करतो. आरशात उजवा हात उजवीकडेच दिसतो, मॉनिटरवर मात्र तुम्ही बाहुली तुमच्या उजवीकडे नेलीत की ती पडद्यावर डावीकडे जाते. डोक्याला हे कळतं, हाताला कळायला फार वेळ लागतो. घरी सरावाला मोबाइल स्टँडवर लावा, मागचा कॅमेरा वापरा आणि चित्र टीव्हीवर घ्या. सेल्फीचा कॅमेरा नको. तो बहुतेक मोबाइलमध्ये आरशासारखं उलटं दाखवतो आणि हाताला चुकीची सवय लागते.

मॉनिटरशी नातं किती टोकाचं असू शकतं ते बिग बर्डवरून कळेल. ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा अमेरिकी कार्यक्रम १० नोव्हेंबर १९६९ला सुरू झाला तेव्हापासून २०१५च्या सुमारापर्यंत कॅरोल स्पिनी हा आठ फूट दोन इंचांचा पिवळा पक्षी आतून चालवत होते. उजवा हात डोक्यावर सरळ उभा, त्याच हाताने पक्ष्याचं डोकं आणि चोच चालवायची, करंगळीने डोळ्यांची हालचाल. डावा हात डाव्या पंखात. उजव्या पंखात हातच नाही, मासेमारीच्या दोरीने तो डाव्याला जोडलेला. आतून बाहेरचं काही दिसायचं नाही. छातीवर बांधलेल्या छोट्या मॉनिटरवर बघून चालायचं, नाचायचं. संवादाचे कागदही आतच चिकटवलेले.

स्पिनींची गोष्ट तुम्हाला आणखी एका कारणासाठी सांगतो. १९६९मध्ये अमेरिकेत युटा राज्यात बाहुलीकारांचा मेळावा होता. तिथे त्यांनी मागच्या पडद्यावर चित्रपट दाखवत बाहुल्यांचा खेळ मांडला होता. रंगमंचाच्या दिव्याने ते चित्र पार पुसून टाकलं आणि खेळ फसला. हेन्सन प्रेक्षकांत होते. फसलेल्या खेळात माणूस काय करू पाहत होता ते त्यांनी ओळखलं आणि स्पिनींना कामाला घेतलं. पुढे बिग बर्डचा स्वभावही स्पिनींनीच घडवला. सुरुवातीला तो एक गावंढळ, बावळट पक्षी होता. हा लहान मूल आहे असं धरून चालवू या, असं स्पिनींनी सुचवलं आणि पात्राचं भाग्य बदललं. शेजारच्या दुकानदार काकांचं काम करणारे नट विल ली वारले, तेव्हा १९८३च्या नोव्हेंबरमध्ये त्या कार्यक्रमाने मुलांना मृत्यू म्हणजे काय हे बिग बर्डच्या तोंडून विचारायला लावलं. मूल जे प्रश्न विचारेल तेच पक्षी विचारत होता. लेखकाने लिहिलं होतं हे खरं, पण पक्षी इतकी वर्षं मूल म्हणून वागला नसता तर तो प्रश्न त्याच्या तोंडी शोभला नसता. मालकी कंपनीची, स्वभाव हाताचा. टीव्हीवरच्या नोकरीत हे समाधान मिळू शकतं आणि ते थोडं नाही.

आवाजाबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. हेन्सनच्या परंपरेत जो हात चालवतो तोच आवाज देतो. आपल्याकडे अनेकदा हात एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा. ‘झपाटलेला’ या १९९३च्या चित्रपटातला तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. तिथे ते अप्रतिम जुळलं. मालिकांच्या घाईत मात्र आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून आणतात आणि तुम्ही त्यावर तोंड हलवायचं. तुमचा आवाज चांगला असेल तर पहिल्याच भेटीत तो ऐकवा. आवाजाचं मानधन वेगळं असतं.

शरीराबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. हात वर धरून दिवसदिवस काम केल्याने खांदा, मान आणि मनगट जातं. माझ्या बरोबरीचे चांगले हात खांद्यापायी थांबले. सुरुवातीला सलग दोन-तीन मिनिटांवर जाऊ नका, विश्रांती घ्या, मग वाढवा. खांद्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. सेटवर “दोन टेकच्या मध्ये हात खाली घेतो” हे निःसंकोच सांगा. चांगला दिग्दर्शक ते ऐकतो, कारण थकलेल्या हातातली बाहुली हळूहळू चौकटीत बुडत जाते आणि शॉट वाया जातो.

आता पोटाचा प्रश्न. इथे मात्र परिस्थितीवर फार अवलंबून आहे. तुमच्यावर कर्ज आहे का, घर तुमच्या पगारावर आहे का, आजारपण आहे का, हे मला ठाऊक नाही, म्हणून आकडे सांगत नाही. कामाची रीत सांगतो.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. ‘किलबिल’सारख्या कार्यक्रमांतून मुलांना हक्काची वेळ मिळाली. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली. शाळेच्या विषयांवरचे शेकडो कार्यक्रम तिथे झाले, माझ्यासारख्यांना तिथे बाहुल्यांची कामं मिळाली आणि शिकायलाही मिळालं. २०१७ साली ती बंद पडली. मराठीत मुलांसाठी सातत्याने कार्यक्रम करणारी सरकारी जागा गेली याचं मला आजही दुःख आहे. महाराष्ट्रातली मुलं मराठी बोलणाऱ्या बाहुलीऐवजी इतर भाषांतून आणलेली कार्टून बघतात. तुमच्यासारखी शिक्षिका या कामात यावी असं मला वाटतं ते यासाठीच.

तर आज मराठी टीव्हीवर बाहुली चालवणाऱ्याला बारमाही नोकरी नाही. काम तुकड्यातुकड्याने येतं. एखादी जाहिरात, एखाद्या मालिकेतलं पात्र, यूट्यूबवरच्या मुलांच्या चॅनेलचं काम, आरोग्य खात्याची किंवा पाणी बचतीची मोहीम, संस्थांचे शैक्षणिक व्हिडिओ. पैसे दिवसाच्या हिशेबाने ठरतात आणि ९० दिवसांनी हातात येणं ही या क्षेत्रातली सर्रास रीत आहे. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामावर गणपती करता येत नाही. त्यात मुंबईचा प्रवास धरा. पंचवटी एक्स्प्रेसने निघालात तरी सीएसएमटीला पोहोचेपर्यंत अकरा वाजत येतात, तिथून गोरेगावची फिल्मसिटी आणखी लांब, आणि कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, त्याच्या कितीतरी आधीची. आदल्या रात्रीच जावं लागतं. राहण्या-जाण्याचा खर्च कोण करणार हे बोलणी करतानाच ठरवा.

करार हाती आला की पुढच्या गोष्टी लेखी आहेत का ते बघा. दिवस किती तासांचा आणि त्यापुढच्या तासांचं काय. बाहुली तुम्ही बनवणार असाल तर बनवण्याचे पैसे वेगळे, दुरुस्तीचे वेगळे. आवाज तुमचा असेल तर तो कुठे कुठे वापरला जाणार. श्रेयनामावलीत नाव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पात्राचं नाव, रूप आणि स्वभाव कुणाच्या मालकीचा. वाहिनी बहुधा सगळं मागते. त्यांच्यासाठी नवं पात्र घडवून पूर्ण हक्क देणं वेगळं आणि तुमचं आधीपासूनचं पात्र त्यांना ठरावीक काळ वापरायला देणं वेगळं. दुसरं जमवायचं असेल तर ते पात्र तुमचं आहे, हे आधी जगाला दिसलेलं असायला हवं. त्याचे खेळ झालेले असावेत, फोटो असावेत, तारखा असाव्यात. म्हणूनच म्हणतो, नाशिकपासून सुरुवात करा.

शिकायचं कुठे, तर एकाच जागी सगळं मिळत नाही. मुंबई विद्यापीठाने बाहुलीनाट्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवलेला आहे, यंदा प्रवेश आहे का ते विचारा. दिल्लीची सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) ही संस्था सेवेतल्या शिक्षकांना शिक्षणात बाहुल्या कशा वापराव्यात याचं प्रशिक्षण देते. तिथे शिक्षण खात्यामार्फत नावं जातात, मुख्याध्यापकांशी बोलून बघा. दिल्लीतच दादी पदमजी यांचं इशारा पपेट थिएटर आहे, त्यांच्या महोत्सवात देशोदेशीचे खेळ बघायला मिळतात. मुंबईच्या मीना नाईक यांनी मुलांच्या लैंगिक शोषणासारखा अवघड विषय बाहुल्यांच्या मदतीने मांडला, त्यांचं काम मिळेल तिथे बघा. सुट्टीत कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची चित्रकथी जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी गुरांच्या गोठ्यात बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. टीव्हीच्या बाहुलीला दोऱ्या नसतात म्हणून हे आपल्या कामाचं नाही असं समजू नका. लाकडाची बाहुली दोरीवर नुसती उभी असताना मेलेली दिसू नये म्हणून ते काय करतात, हे तिथे बसून बघण्यासारखं आहे.

आणि अगदी आपल्या जिल्ह्यातलं सांगायचं तर सुरगाणा-पेठकडचा बोहाडा. संबळाच्या तालावर रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतात. लाकडी मुखवट्याचा चेहरा बदलत नाही, तरी तो रागावलेला आणि थबकलेला दिसतो. सोंग नाचवणाऱ्याच्या मानेकडे आणि खांद्याकडे बघा. बाहुलीचाही चेहरा बदलत नाही. भाव आणायचा तो मानेच्या कलातूनच. मला हे पुस्तकाने शिकवलं नाही, बोहाड्याने शिकवलं.

पेठ तालुक्यातल्याच एका आश्रमशाळेतला प्रसंग सांगतो. खेळ संपला होता, मी बाकावर बसलो होतो, हातात बाहुली तशीच होती. पडदा वगैरे काही नाही. एक मुलगी आली. शिक्षकांशी ती फारसं बोलत नाही असं मला आधी सांगितलेलं होतं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग बाहुलीचा कान धरून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मी मुलीकडे बघितलं नाही, बाहुलीकडे बघत राहिलो. बाहुलीने मान थोडी कलती केली, थांबली, आणि एकदा हलकेच होकार दिला. मुलीने आणखी सांगितलं. आत माझा हात आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने तिचं काही अडत नव्हतं. पण त्या क्षणी मी तिच्याकडे पाहिलं असतं, तर ती माझ्याशी बोलत असल्यासारखं झालं असतं आणि ती गप्प झाली असती. आपण बाहुलीकडे बघितलं की मूलही बाहुलीकडे बघतं. बाहुली बोलते तेव्हा मुलं हसतात, बाहुली ऐकते तेव्हा ती मुलांना खरी वाटते. मोठ्या सेटवर दिवे, कॅमेरे, घाई या सगळ्यात हे ऐकणंच आधी हरवतं. ज्याच्या हाताला ते येतं त्याला दिग्दर्शक पुन्हा बोलावतो.

आता नाशिकमध्ये काय करता येईल ते. नोकरी सोडू नका. तुमचा वर्ग ही तुमची रोजची तालीम आहे आणि असा प्रेक्षक मुंबईतल्या धडपडणाऱ्या कलाकाराला विकतही मिळत नाही. सोफा बनवणाऱ्यांकडे फोमचे तुकडे स्वस्तात मिळतात, मेन रोडच्या कापडाच्या दुकानांत होजियरी आणि फर मिळेल. चिकटवायला सोफावाले वापरतात तेच फोमचं ॲडेसिव्ह घ्या, पण खिडक्या उघड्या ठेवून वापरा. बाहुलीच्या आत धुता येईल असं सुती अस्तर शिवा, घामाने फोम लवकर खराब होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात फोमला बुरशी धरते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास मुलांच्या नाकाशी जातो.

पात्र एकच घ्या आणि त्याचा स्वभाव लिहून काढा. त्याला कशाची भीती वाटते, ते कुणावर रुसतं, कुठला शब्द त्याला नीट म्हणता येत नाही. तुमच्याच वर्गातल्या मुलांसारखं ते सिडकोत राहत असेल, रिक्षाने शाळेत येत असेल, गोदेच्या पुराची त्याला धास्ती असेल. इतकं जवळचं पात्र बाहेरून कुणी आणून देऊ शकत नाही. मग त्याचे छोटे खेळ करा. कालिदास कलामंदिरासारखं मोठं नाट्यगृह हातबाहुलीला सोयीचं नाही, मागच्या रांगांना चोच की नाक तेही कळत नाही. साठ-सत्तर मुलं जमिनीवर बसतील अशी जागा बघा. शाळेचा हॉल, सोसायटीचं गणपतीचं व्यासपीठ, वाचनालयाचा बालविभाग. २१ मार्चला जागतिक बाहुलीनाट्य दिन असतो, त्या निमित्ताने शाळा सहज परवानगी देतात. प्रत्येक खेळाचं मानधन घ्या, अगदी थोडं का होईना. आपल्या माणसांनी फुकट मागितलं तरी प्रवासखर्च तरी घ्याच. आपण पैसे घेतो हे एकदा गावाला कळलं की पुढे मागायला संकोच वाटत नाही.

खेळांची आणि कार्यशाळांची मिळकत सलग वर्षभर एका वहीत नोंदवून ठेवा. ती पगाराच्या निम्म्यावर आली आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत शिल्लक असला, तर अर्धवेळ नोकरीचं शाळेत बोला. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे. तुमच्यावर घर अवलंबून असेल तर आणखी थांबा. टीव्हीच्या कामासाठी तोवर सुट्टीत मुंबईला चाचण्या द्या, पात्राचा व्हिडिओ निर्मात्यांना पाठवत राहा.

आईवडिलांशी वाद घालू नका. त्यांची काळजी पैशाची आहे आणि ती खरी आहे. त्यांच्यापुढे ती वही ठेवा. माझ्या घरीही बोलण्यापेक्षा हिशेबानेच काम झालं.

मुंबईच्या चाचणीआधी मला एक गोष्ट करून दाखवा. एक मिनिटाचा व्हिडिओ, मागच्या कॅमेऱ्याने, कापाकापी न करता. शेजारचं एखादं मूल किंवा तुमची आई बाहुलीला काहीतरी सांगतेय आणि बाहुली फक्त ऐकतेय. बाहुलीने एक अक्षर बोलायचं नाही. पाठवण्याआधी स्वतः आवाज बंद करून बघा. बाहुलीची नजर सांगणाऱ्याच्या डोळ्यांवर आहे का, आणि साठाव्या सेकंदाला तिची उंची पहिल्या सेकंदाइतकीच आहे का, एवढंच तपासा. इथेच टाका, मी बघून लिहीन.